ह्यांचं एकवचन

माझी लेक सुमेधा दुपारी झोपते तेवढा वेळ माझा असतो. ती झोपली की मी तिची अंगणवाडीची पाटी घेते, मोबाइल मांडीवर ठेवते आणि ओसरीत दाराच्या चौकटीला टेकून बसते. चौकटीलाच टेकायचं, कारण आमच्या घरात रेंज तेवढ्या एका जागी येते. तिथून दोन हातांवर मामांची बाज. मामा म्हणजे माझे सासरे. आणि समोर आत्या, म्हणजे सासूबाई, सुपात काहीतरी निवडत बसलेल्या असतात.

मग मी हळू आवाजात क्रियापदं म्हणते.

मोबाइलमधलं शिकवणारं ॲप इंग्रजीतून इटालियन शिकवतं. मराठीतून शिकवणारं काही मला सापडलं नाही. केदारखेड्याहून जालन्याला जायचं म्हणून आधी उलटं भोकरदनला जावं, तसा हा रस्ता. पण दुसरा नाही, म्हणून जाते.

आय अराइव्ड. इंग्रजीत हे एवढंच. पोचलेली बाई आहे की बाप्या, इंग्रजीला त्याचं काही पडलेलं नाही. भोकरदनच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी इंग्रजीचा पेपर दिला, तेव्हा हे कधी लक्षात आलं नव्हतं. इटालियन मात्र विचारतं, कोण पोचलं? बाप्या असेल तर अर्रिवातो. बाई असेल तर अर्रिवाता. सगळ्या बायकाच असतील तर अर्रिवाते, आणि त्यांच्यात एक जरी बाप्या असला तर अर्रिवाती. ती शेवटची 'ती' आपल्या कानाला बाईमाणसाची वाटते, तिकडे ती सगळ्या मंडळींची. बाकी आपल्यासारखंच. मी पोचलो, मी पोचले. इंग्रजी ओलांडलं आणि पुढे ओळखीची शिवारं लागली असं मला वाटलं.

मग आणखी एक कळलं. सगळी क्रियापदं काही अशी माणूस बघून बदलत नाहीत. मी खाल्लं, मी धुतलं, मी विकत घेतलं, इथे ती भाषा बोलणाऱ्याला काही विचारत नाही. जाणं, येणं, निघणं, पोचणं, राहणं, जन्मणं, परतणं, अशा ठिकाणी विचारते. जणू तिकडच्या माणसांना तुम्ही काय खाल्लं त्याच्याशी देणंघेणं नाही, पण कुणी निघालं, कुणी मागे राहिलं, की ते मान वर करून बघतात, कोण ते.

सोनो रेस्ताता. मी राहिले. हे मी पाटीवर लिहिलं होतं. सुमेधानं उठल्याउठल्या थुंकी लावून पुसलं आणि त्यावर कोंबडी काढली.

हे, म्हणजे माझे यजमान, उत्तर इटलीतल्या एका खेड्यात गायींच्या गोठ्यावर कामाला आहेत. नांदेडला गाडी चालवत होते तेव्हा गुरुद्वाऱ्याजवळ एका सरदारजीची ओळख झाली. त्याचा चुलता तिकडे धारा काढायला होता. त्याच्या वशिल्यानं हेही गेले. आमच्या घरात मामांच्या बापापर्यंत मेंढरं होती, जनावराचा वास ह्यांच्या हाताला जन्माचाच. गोठ्याच्या मालकिणीनं पहिल्याच दिवशी ह्यांना अडलेल्या गाईपाशी बघितलं आणि ठेवून घेतलं. पोळ्याला ह्यांनी तिकडच्या गाईला कुंकू लावलं. म्हणाले, शिंगंच नसतेत गं ह्यांना, बेगड लावू कुठं, मंग कपाळच रंगवलं.

हे गेले तेव्हा सुमेधा नुकती पालथी पडायला लागली होती. आता ती आत्यांच्या मागे अंगणभर पळते. पप्पा कुठायत विचारलं की मोबाइलकडे बोट करते. मोबाइलची बॅटरी उतरली की म्हणते, पप्पा झोपले.

आम्हा दोघींना तिकडे न्यायचं तर तिथल्या सरकारला घराचा कागद दाखवावा लागतो. इतकी माणसं, इतकी जागा, असा कागद. ह्यांच्याजवळ एक खोली आहे, तीत एक माणूस मावतो. पण मालकिणीच्या गोठ्यालगत वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्या तिनं दिल्या तर कागद होतो. नाही दिल्या तर नाही.

ती देत नव्हती. तिचं नाव इनेस. हे तिला सिन्योरा म्हणतात, म्हणजे बाईसाहेब. आधी तिनं त्या खोल्या एका कुटुंबाला दिल्या होत्या. सांगताना नवरा-बायको म्हणून सांगितलं, आणि मग नवऱ्याचा भाऊ आला, भावाचा मित्र आला, मित्राचा मेहुणा आला. पंचायतीची माणसं येऊन मोजून गेली आणि सिन्योराला दंड झाला. वर त्या बाईला तिथे यायचंच नव्हतं. ती दिवसभर खिडकीत बसून रडायची आणि एक दिवस निघून गेली. तेव्हापासून सिन्योरानं वर कुलूप घातलं.

ह्यांनी फार दिवस गळ घातली. शेवटी ती म्हणाली, मी तुझ्या बायकोशी बोलते. तू जवळ नको. नवरा शेजारी उभा असला की बाई हो म्हणते. मला तिचं ऐकायचंय.

"म्हंजी परीक्षा हाय म्हण," हे फोनवर म्हणाले. "ऐतवारी. ती चर्चमधून आली की. तुमच्याकडं दुपार असंल."

"तिला इंग्रजी येतं?"

"येस नो येतं. आन तुला इटालियन येतंय की. बोलून दाखव बरं, तू थकली हायेस."

"सोनो स्तांको," मी म्हणाले.

तिकडून हसू आलं. मागे कुठेतरी गाय हंबरली.

"अगं, स्तांको मी. तू स्तांका."

चूक कशी झाली ते कळायला मला वेळ लागला नाही. ॲपमध्ये शब्द कळतो, पण बोलायचं कसं ते मी ह्यांच्याकडूनच शिकले. हे संध्याकाळी निरोप पाठवायचे, आज मी थकलो, आज मी शेतावर गेलो, आज मी उशिरा परतलो. मी ते परत परत ऐकायची आणि तसंच म्हणायची. भांडी घासताना, कपाशीत खुरपताना, सुमेधाला थोपटताना. सोनो अंदातो, सोनो तोर्नातो. ह्यांच्या तोंडून निघालेलं ह्यांचंच थकणं मी माझ्या तोंडात घोळवत होते. दुरुस्त करताना जरा वाईटच वाटलं. स्तांका म्हटलं की मी माझी मी राहिले, एकटी.

आता आत्यांचं सांगायला हवं.

आत्यांनी मामांचं नाव आजवर घेतलेलं नाही. बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं की त्या आधार कार्ड पुढे सरकवतात आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहतात. एकदा नवीन साहेब आला, त्याला वाटलं बाईला बोलता येत नाही. तो हातवारे करून विचारायला लागला. मामा मागच्या रांगेतून ओरडले, "इंद्रभान लिवा साहेब, इंद्रभान. ती काय बोलायची न्हाई." नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, असं आत्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. मामांचं वय सत्तरीकडे गेलंय, म्हणजे पथ्य लागू पडलंय, असा त्यांचा हिशेब.

मी ह्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं, हळदी-कुंकवाला घेतलं. पण उखाण्यातलं नाव ओळींच्या गर्दीत असतं, गर्दीत कुणाचं तरी बोट धरावं तसं. सुटं नाव मी ह्या घरात घेतलं नाही. अंगणवाडीत मुलीच्या बापाचं नाव विचारलं तेव्हा मीही कार्डच पुढे केलं, आणि आपण हे काय केलं म्हणून मग रस्ताभर हसले. हे इटलीला निघाले त्या दिवशी आत्यांनी मला माजघरात घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगं परमुलखात चाल्लं. आता तर बिलकुल नाव घ्यायचं न्हाई. ध्यानात ठेव." मी मान हलवली. माझा विश्वास आहे का, मला माहीत नाही. पण विमानात बसलेल्या माणसाच्या जिवावर कोण कशाला पैज लावील.

आम्ही जाणार ह्या गोष्टीवर आत्या काही बोलत नाहीत. विषय निघाला की त्या सूप जवळ ओढतात. निवडलेले मूग पुन्हा निवडतात. एकदाच म्हणाल्या होत्या, "पोरगी तिकडं गेल्यावर मला आजी म्हणंल का तिकडचं काई म्हणंल?" तिकडे आजीला नोन्ना म्हणतात असं मी सांगितलं. त्यांनी तो शब्द मनात एकदा फिरवून बघितला बहुतेक, कारण जरा वेळानं म्हणाल्या, "आजीच बरं हाय."

रविवार आला. मी सकाळीच डोकं धुतलं. सुमेधाला दुपारी झोपवायचं ठरवलं होतं, पण त्या दिवशी ती काही झोपली नाही. मामांनी बाज झाडून घेतली, जणू सिन्योरा त्यावर येऊन बसणार होती.

"आपुन बोलायचं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. फक्त मी."

"बरं हाय. मला एकच इचारायचं होतं. तिकडच्या म्हशी इटालियनमधीच रेकतेत का?"

"गुमान बसा," आत्या म्हणाल्या.

फोन वाजला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई, गळ्यात लोकरीचं काहीतरी, मागे स्वयंपाकघर. तिच्या गॅसवर काही शिजत होतं. मला बरं वाटलं. चुलीपुढची बाई कुठलीही असो, निम्मी ओळख असते.

ती सावकाश बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं. कशी आहेस. बेने, म्हणाले मी, बरी. काय जेवलीस. भाकरी, म्हणाले. हातावर थापून दाखवली. ती हसली. तिला सुमेधा दिसली. केवढी आहे, कधी जन्मली. नाता, मी म्हटलं, मुलगी म्हणून नाता, बरोबर आलं.

मग तिनं तो प्रश्न विचारला. तुला यायचंय का? का यायचंय?

ह्याचं उत्तर मी आठवडाभर पाठ केलं होतं. पण पाठ केलेलं तिथे आलंच नाही. आलं ते वेगळंच. माझ्या लक्षात आलं की ह्या ओसरीत मी आता काहीही बोलू शकते. मामा दोन हातांवर, आत्या समोर, आणि कुणालाच एक अक्षर कळणार नाही. इतक्या दिवसांत जे मी उशीलाही सांगितलं नव्हतं ते भर दुपारी, मोठ्या आवाजात सांगता येणार होतं.

व्होल्यो, मी म्हणाले. मला हवंय. यायचंय.

आणि सांगत सुटले. मोडकंतोडकं, पण सुटले. माझे पती, मिओ मारितो, थकून येतात. थंडीत येतात. एकटे जेवतात. भांडं एकटे धुतात. मुलीला फोनमध्ये बघतात. मला ते फोनमध्ये नको आहेत. ते बोलतात तेव्हा मी ताट वाढलेलं असतं आणि ते तिथे नसतात.

बोलताना मला दिसलं की सिन्योराचा चेहरा बदलतोय. आधी भुवया जवळ आल्या. मग तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"लोरो?" ती म्हणाली. "लोरो की?"

ते? ते कोण?

मला कळेना. मी पुन्हा सांगितलं. मिओ मारितो. ते थकून येतात, ते जेवतात.

"क्वांती?" तिनं विचारलं. आवाज आता लहान मुलाशी बोलायचा राहिला नव्हता. किती जण? आणि बोटं वर केली, एक, दोन, तीन, चार? तिनं खाली गोठ्याच्या बाजूला हात केला. त्या खोलीत किती माणसं जेवतात? किती झोपतात?

तेव्हा मला उलगडलं. मी ह्यांच्याबद्दल बोलताना सगळीकडे आदराचं बोलत होते. ते येतात, ते जेवतात, ते धुतात. आपल्याकडे नवऱ्याला बायको दुसरं काय म्हणणार? पण तिला ऐकू आली ती माणसांची फौज. माझ्या तोंडून ह्यांच्या खोलीत चार-पाच बाप्ये राहायला आले होते, आणि ते मालकिणीला कळू न देता तिथेच रांधून खात होते. आधीच्या कुटुंबानं केलं तेच. खोल्या तर गेल्याच, ह्यांची नोकरीही मी ओसरीत बसून घालवत होते.

"नो," मी म्हणाले. "नो, नो. उनो."

एक. तिनं मान हलवली. तिला खरं वाटेना. उनो म्हणतेस आणि लोरो म्हणतेस.

आदर कसा सांगायचा? तो शब्द माझ्याजवळ नव्हता. ॲपमध्ये सफरचंद होतं, रेल्वे स्टेशन होतं, आदर नव्हता. सांगायचं तर एकच वाट होती. एकेरी बोलायचं. तो. लुई. शब्द येत होता, रोज ॲपमध्ये म्हणत होते, तो मुलगा, तो वेटर. पण ह्यांना? समोर आत्या बसलेल्या. त्यांना कळणार नाही हे मला माहीत होतं, तरी जीभ जड झाली, दारात कुणी आडवं हात लावून उभं राहावं तशी.

"लुई," मी म्हणाले. "सोलो लुई." फक्त तो.

"की?" सिन्योरानं विचारलं. तो कोण?

आणि मग कार्ड पुढे सरकवायची सोय नव्हती.

"कल्याण," मी म्हणाले.

आत्यांच्या सुपातले मूग हलायचे थांबले. ते मला न बघता कळलं.

"सोलो कल्याण," मी पुन्हा म्हणाले, कारण अर्ध्यावर थांबून चालणार नव्हतं. "कल्याण. उनो. लुई ए सोलो. इओ सोनो सोला." तो एकटा आहे. मी एकटी आहे. तो एकटा जेवतो. कल्याण एकटा.

डोळ्यांत पाणी आलं, त्याला मी काय करू. मला कळेना कसं समजावू, म्हणून मी फोन उलटा फिरवून आत्यांकडे धरला. आत्यांनी चटकन पदर पुढे ओढला. मग मामांकडे. मामा बाजेवर ताठ बसून हात जोडून राहिले. मी पुन्हा स्वतःकडे फिरवला आणि त्या दोघांकडे बोट करून, डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून दाखवली. ह्यांच्यासमोर असं. म्हणून लोरो.

सिन्योरा गॅसकडे वळली. गॅसवरचं झाकण थडथडत होतं. मग ती काहीतरी म्हणाली, हळू, स्वतःशीच. त्यातलं मला एवढंच पकडता आलं, मिआ माद्रे. माझी आई. आणि मिओ पाद्रे. ह्यांनी नंतर सांगितलं, तिची आई तिच्या वडलांशी जन्मभर अहो-जाहोच बोलली, आणि वडील गेल्यावर एकदाच, शवपेटीवर हात ठेवून, त्यांना नुसत्या नावानं हाक मारली.

तिनं डोळे पुसले, का चष्मा, नीट दिसलं नाही. म्हणाली, दोन खोल्या. तीन माणसं. त्रे. बोटं तीनच वर केली आणि माझ्याकडून वदवून घेतलं. त्रे, मी म्हणाले. खोल्यांतली शेगडी दुरुस्त करावी लागेल, हिवाळ्याच्या आधी. मग ती सुमेधाला बाय म्हणाली आणि फोन बंद झाला.

मामांनी खाकरून बघितलं.

"काय झालं म्हणं?"

"खोल्या दिल्या," मी म्हणाले.

"मंग रडली कशाला?"

आत्या उठल्या. माझ्याकडे न बघता आत गेल्या. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द त्यांना कळला होता, आणि तो मी तीनदा, चारदा उच्चारला होता. माजघरातून डबे उघडल्याचे आवाज यायला लागले. मला वाटलं आता भांडी आपटतील, किंवा आपटणार नाहीत, ते तर आणखी वाईट. मी पाटी घेऊन पुसत बसले. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

सुमेधा मात्र अंगणात पळत सुटली होती. "सोलो कल्याण," ती कोंबड्यांना सांगत होती. "सोलो कल्याण, सोलो कल्याण."

"ए, बापाचं नाव घेती का," मामा म्हणाले, पण त्यांना हसू आवरेना. मग मी त्यांना सगळा घोळ सांगितला, माझ्या अहो-जाहोमुळे सिन्योरा माणसं कशी मोजायला लागली तो, माजघरात ऐकू जाईल अशा आवाजात.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. ह्यांचा. व्हिडिओ. सिन्योरानं सांगितलं होतं त्यांना. पायात गमबूट, डोक्यावर टोपी, मागे गायींची रांग. हे बोलायच्या आत आत्या बाहेर आल्या. त्यांच्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या होत्या, आमच्याच रानातल्या.

"धर तो फोन," त्या मला म्हणाल्या. "नीट धर. उबा धर."

मी धरला.

"कल्या, टोपी काढ."

"काय झालं गं आये?"

"काढ म्हणते ना. आन डोळे झाक. हालू नको."

ह्यांनी टोपी काढली. डोळे मिटले. गोठ्यातल्या त्या परक्या उजेडात, हात खाली सोडून, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहतात तसे उभे राहिले. आत्यांनी मूठ फोनवरून ओवाळायला सुरुवात केली. डोक्यापासून गमबुटांपर्यंत, म्हणजे काचेच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. ओठांतल्या ओठांत पुटपुटत. आल्यागेल्याची, पाप्याची, परमुलखाची, गोठ्यातल्या गाईची, चर्चातून आलेल्या म्हातारीची. आणि मग जरा थांबून, "घरातल्या नाव घेणारीची."

मी फोन धरून उभी. हात थरथरत होता तर चित्रातले हे थरथरल्यासारखे दिसत होते.

"हालू नको म्हणलं ना त्याला," आत्या म्हणाल्या. मला.

मूठ चुलीत गेली. मिरच्या तडतडल्या. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट होतीच, आणि ती जळाली. आत्यांच्या खांद्यांतला ताण उतरलेला दिसला.

त्या परत येऊन सुपापाशी बसल्या. मूग जवळ ओढले.

"तिकडं बाया नवऱ्याला कसं बोलवतेत?" त्यांनी विचारलं.

"नावानं," मी म्हणाले.

"समद्या?"

"सगळ्या."

आत्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "मंग तिथं जाऊन अहो अहो करत बसली तर पुन्हा कुनी मोजायला यील. आत्ताच उतरवलंय. घे. सवय कर." आणि मग खाली बघतच, "मी तर त्याला पैल्यापासून एकेरीच बोलावते. एकलाच हाय तो माझा."

मामांनी बाजेवर कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढीच त्यांच्याजवळ आडोसा द्यायची सोय होती.

मी फोन चेहऱ्यासमोर घेतला. ह्यांनी अजून डोळे मिटलेलेच होते. आईनं उघड म्हटलं नव्हतं. कपाळावर टोपीची खूण उमटली होती. कानापाशी एक पांढरा केस होता, तो मी आधी बघितला नव्हता. जाताना तो नव्हता.

कागद व्हायला महिने लागतील. मग तिकीट, मग विमान. मग मी आणि सुमेधा उतरू, आम्ही दोघीच, अर्रिवाते. बाहेर हे उभे असतील आणि मग तो शब्द बदलेल. तोवर तो तसाच.

सगळी क्रियापदं तोंडात आली आणि एकही नको झालं. आत्यांचं सूप वाजत होतं. मी विचारलं ते रोजचंच.

"कल्याण, जेवलास का?"

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. मागची गाय मान वर करून तशीच थांबली होती. चित्र अडकलं होतं, कधीपासून ते कळलं नाही. पडद्यावर ते बारीक चक्र फिरायला लागलं. मी चौकटीला आणखी टेकले, फोन उंच धरला, जिथे रेंज येते तिथे, आणि पुन्हा विचारलं.